औषधाचा पहिला घोट कोणी घ्यावा?

मानवी यकृताचे मुद्रित ऊतक आणि औषधांच्या सुरक्षिततेची परीक्षा

ग्वाल्हेर शहरात फूलबाग नावाचे एक विस्तीर्ण उद्यान आहे. महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत ते आकारास आले. मंदिर, मशीद व गुरुद्वारा ही तिन्ही प्रार्थनास्थळे तेथे एकाच परिसरात आहेत. राणी लक्ष्मीबाईंची समाधी तेथून जवळच आहे. बागेला लागून १९२२ साली स्थापन झालेले प्राणिसंग्रहालय असून आज ते गांधी प्राणी उद्यान या नावाने ओळखले जाते. शिंदे सरदारांबरोबर उत्तरेत गेलेली अनेक मराठी घराणी या शहरात अद्याप नांदत आहेत. प्रस्तुत लेखकाची थोरली बहीण अशाच एका घरी दिलेली आहे.

बहिणीचे सासरे, ज्यांना घरात सर्वजण अण्णा म्हणतात, क्षयरोगावर उपचार घेत होते. पहिल्या महिन्यात गोळ्यांचा चांगला गुण आला. ताप उतरला, खोकला कमी झाला. परंतु दुसऱ्या महिन्यात अण्णांची अन्नावरील वासना उडाली, मळमळ सुरू झाली आणि एके दिवशी सकाळी त्यांचे डोळे पिवळे दिसू लागले. डॉक्टरांनी रक्त तपासून गोळ्या तत्काळ थांबविल्या. अण्णांच्या यकृताला इजा झाली होती व ती करणारी द्रव्ये फुप्फुस बरे करणाऱ्या गोळ्यांमध्येच होती. काही आठवड्यांनी रक्ताचे अहवाल सुधारल्यावर डॉक्टरांनी एकेक औषध बेताबेताने पुन्हा सुरू केले आणि अण्णा सावरले.

त्याच सुमारास लेखक ग्वाल्हेरला गेला होता. सातवीत शिकणाऱ्या भाच्याला घेऊन फूलबागेत गेलो असता पिंजऱ्यांपुढून चालता चालता त्याने विचारले, “मामा, आजोबांच्या या गोळ्या जगात सर्वांत पहिल्यांदा कोणी घेतल्या असतील? त्याचे डोळे पिवळे झाले नसतील का?”

कलाशाखेचा पदवीधर असलेल्या लेखकापाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते. घरी परतल्यावर त्याचा शोध घेताना जे वाचावयास मिळाले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिला घोट

प्रत्येक नवे औषध कोणा ना कोणाला प्रथम घ्यावेच लागते. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली, तेव्हा डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली. ती लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव त्यांच्याच स्मरणार्थ आहे. डॉ. हाफकिन यांचे धैर्य आदर्श होते, यात शंका नाही. परंतु प्रत्येक औषधासाठी असा शास्त्रज्ञ मिळणार नाही आणि तुरुंगातील माणसाची ‘स्वेच्छा’ कितपत स्वतंत्र असते, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

म्हणून पुढील काळात एक क्रम ठरून गेला. औषध आधी प्राण्यांना द्यावयाचे, नंतर थोड्या निरोगी माणसांना, नंतर थोड्या रुग्णांना आणि शेवटी सर्वांना. या क्रमामुळे असंख्य घातक द्रव्ये माणसापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बाजूला पडली. प्राण्यांचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र या क्रमात एक उणीव राहून गेली आहे. एका जीवाचे औषध हे दुसऱ्या जीवाचे विष असू शकते.

याची दोन उदाहरणे आपल्या घराजवळची आहेत. तापासाठी आपण घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला दिली तर एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते, कारण त्या द्रव्याचा निचरा करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. दुसरे उदाहरण गिधाडांचे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध गाई-बैलांना मानवते. पण ते दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. गिधाडे झपाट्याने नाहीशी का होत आहेत, याचे हे कारण २००४ साली प्रसिद्ध झाले आणि २००६ साली आपल्या देशात जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी घालण्यात आली. तोवर खेड्यापाड्यांतील आकाश बहुतांशी रिकामे झाले होते.

माणसाच्या बाबतीतही असे घडले आहे. यकृताच्या ‘ब’ प्रकारच्या विषाणुजन्य काविळीवर फियालुरिडीन नावाचे औषध तयार करण्यात आले होते. प्राण्यांवरील चाचण्यांत त्याचा हा धोका दिसून आला नव्हता. १९९३ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ते १५ रुग्णांना देण्यात आले. त्यांपैकी सातजणांचे यकृत निकामी झाले. पाचजण दगावले आणि दोघे यकृतरोपणामुळे वाचले. पुढे २०१४ साली, ज्यांच्या यकृतात मानवी पेशी रुजविल्या होत्या अशा उंदरांवर हेच औषध वापरून पाहण्यात आले, तेव्हा मात्र त्याचा विषारीपणा उघड झाला. साध्या उंदराच्या यकृताने जे सांगितले नाही, ते मानवी पेशींनी सांगितले.

अण्णांच्या गोळ्यांचा इतिहासही बोधप्रद आहे. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषध १९५२ पासून वापरात आहे. त्याने लक्षावधी प्राण वाचविले. पण त्याच्यामुळे काही रुग्णांच्या यकृताला गंभीर इजा होते, ही गोष्ट नीट ध्यानात यावयास १९७०च्या दशकाचा आरंभ उजाडला. म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की पहिला घोट एकट्या कोणी घेतलाच नाही. कित्येक वर्षे तो रुग्णच घेत होते आणि तो पहिला घोट आहे, हे त्यांना माहीत नव्हते.

यकृताचे कार्य

औषधांची बाधा यकृतालाच का व्हावी? उजव्या बरगडीखाली असणारे सुमारे दीड किलो वजनाचे हे इंद्रिय शरीराचा जकात नाका आहे. पोटात गेलेले अन्न व औषध आतड्यांतून रक्तात शोषले जाते आणि ते रक्त एका मोठ्या शिरेवाटे प्रथम यकृतात येते. तेथे प्रत्येक द्रव्याची झडती होते. उपयोगी ते पुढे जाते, अपायकारक असेल त्याचे रूपांतर करून ते पित्तावाटे किंवा मूत्रावाटे बाहेर टाकण्याची व्यवस्था होते. याखेरीज पित्त तयार करणे, साखरेचा साठा करणे, रक्त गोठण्यास लागणारी प्रथिने बनविणे, ही कामेही यकृतच करते.

नाक्यावरील शिपायालाच गुंडांचा पहिला मार खावा लागतो, तशी यकृताची स्थिती असते. कित्येकदा मूळ औषध निरुपद्रवी असते, पण यकृतात त्याचे रूपांतर होताना मधल्या टप्प्यावर एखादा विषारी अंश निर्माण होतो. पॅरासिटामॉलचे असेच आहे. योग्य मात्रेत त्याचा अल्पसा भाग विषारी होतो व यकृतातील ग्लूटाथायोन नावाचे द्रव्य त्याला बांधून टाकते. मात्रा फार वाढली तर हा साठा संपतो आणि मोकळा राहिलेला विषारी अंश यकृताच्या पेशींनाच मारू लागतो.

हे रूपांतर करणारी विकरे प्राण्याप्राण्यांत भिन्न असतात. इतकेच नव्हे, ती माणसामाणसांतही भिन्न असतात. आयसोनियाझिडचा निचरा काहींच्या यकृतात लवकर होतो, काहींच्या यकृतात सावकाश होतो. हा भेद आनुवंशिक आहे. एकाच घरातील दोघांना एकच गोळी दिली असता एकास ती मानवते व दुसऱ्यास बाधते, याचे एक कारण येथे सापडते. तेव्हा माणसाला औषध बाधेल काय, हे विचारावयाचे तर मानवी यकृतालाच विचारले पाहिजे. पण जिवंत माणसाचे यकृत पणाला न लावता ते कसे विचारावे? या पेचातून मुद्रित ऊतकाची कल्पना पुढे आली.

चकलीचा सोऱ्या आणि जिवंत शाई

समान काम करणाऱ्या पेशींच्या समूहाला ऊतक म्हणतात. यकृताच्या पेशी काचेच्या बशीत वाढविण्याची पद्धत जुनी आहे. परंतु सपाट बशीत पसरलेल्या या पेशी थोड्याच दिवसांत आपले काम विसरू लागतात. खळ्यावर विखुरलेल्या विटांना घर म्हणता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. शरीरात यकृताची पेशी एकटी नसते. तिच्या शेजारी रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी असतात, आधार देणाऱ्या पेशी असतात. वर, खाली व सभोवार असा तिचा शेजार असतो. हा शेजार मिळाला तर ती दीर्घकाळ आपले काम करीत राहते.

असा शेजार रचून देण्याचे काम जैव-मुद्रण करते. त्याची कृती स्थूलमानाने चार टप्प्यांत सांगता येईल.

पहिला टप्पा पेशी मिळविण्याचा. दान केलेले परंतु रोपणास योग्य न ठरलेले यकृत, किंवा शस्त्रक्रियेत काढलेला यकृताचा तुकडा यांतून मानवी पेशी मिळतात. दुसराही एक मार्ग आहे. जपानमधील शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या व २००७ साली माणसाच्या त्वचेच्या पेशींना पुन्हा मूळपेशींच्या अवस्थेत नेण्याची रीत शोधून काढली. या शोधासाठी २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अशा मूळपेशींपासून यकृताच्या पेशींसारख्या पेशी घडविता येतात.

दुसरा टप्पा जैव-शाईचा. जिवंत पेशी एका मऊ, पाणीदार लगद्यात मिसळतात. त्यासाठी जिलेटीन किंवा समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट यांसारखे पदार्थ वापरतात. अल्जिनेटचा गुण असा, की कॅल्शियमचा स्पर्श होताच ते थिजते व आकार धरून राहते.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष मुद्रणाचा. आपल्या घरी दिवाळीत चकलीचा सोऱ्या असतो. पिठाचा गोळा भरून दाब दिला, की खालून सारखी धार पडते आणि गृहिणी हात फिरवून तिला वेटोळ्याचा आकार देते. जैव-मुद्रकात पिठाच्या जागी जिवंत शाई असते आणि हात फिरविण्याचे काम संगणक करतो. कोणत्या जागी कोणती पेशी पडावी, हे आधीच आखून ठेवलेले असते. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे थर चढत जातात. विशेष म्हणजे या विद्येच्या आरंभीच्या काळात शास्त्रज्ञांनी कार्यालयात कागद छापण्यासाठी असणाऱ्या साध्या मुद्रकांतच फेरफार करून पेशींचे थेंब टाकून पाहिले होते.

चौथा टप्पा संगोपनाचा. छापलेला तुकडा शरीराइतक्या, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत, पोषक द्रवात ठेवतात. काही दिवसांत पेशी एकमेकींना धरतात, आपसांत संधान बांधतात आणि यकृतासारखे काम करू लागतात. त्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन बनवितात, औषधांचे रूपांतर करणारी विकरे चालवितात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे रोपणासाठी तयार केलेले पूर्ण यकृत नव्हे. हा तुकडा तांदळाच्या दाण्याहूनही लहान, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. त्याहून जाड केला तर आतल्या पेशींना प्राणवायू पोहोचत नाही व त्या मरतात. पूर्ण यकृत मुद्रित करण्याच्या वाटेवरील ही मोठी अडचण आहे. पण औषधाची परीक्षा घेण्यास एवढा तुकडाही पुरेसा ठरू शकतो.

परीक्षेची रीत

मुद्रित ऊतकाच्या पोषक द्रवात औषध अल्प मात्रेत घालतात व ती मात्रा दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे, देत राहतात. मग काही गोष्टी मोजतात. अल्ब्युमिनची निर्मिती घटली काय? पेशींतील ऊर्जेचा साठा कमी झाला काय? पेशी फुटल्यावरच बाहेर येणारी विकरे द्रवात उतरली काय? रुग्णालयात काविळीच्या रोग्याचे रक्त तपासताना डॉक्टर ज्या खुणा पाहतात, त्यांच्याशी या खुणांचे जवळचे नाते आहे. फरक एवढाच, की येथे पिवळे पडणारे डोळे कोणाचेच नसतात.

या रीतीची एक कसोटी प्रसिद्ध आहे. ट्रोव्हाफ्लॉक्सासिन हे जंतुनाशक औषध अमेरिकेत डिसेंबर १९९७ मध्ये मंजूर झाले. नेहमीच्या तपासण्यांतून ते पार पडले होते. परंतु बाजारात आल्यावर रुग्णांचे यकृत निकामी होण्याच्या घटना घडू लागल्या आणि १९९९ साली त्याच्या वापरावर कडक निर्बंध घालावे लागले. त्याच्याच कुळातील लिव्होफ्लॉक्सासिन हे औषध मात्र त्या मानाने यकृताला सौम्य आहे. अमेरिकेतील ऑर्गनोव्हो या कंपनीने २०१४ साली औषधचाचणीसाठी मुद्रित मानवी यकृत-ऊतक उपलब्ध करून दिले होते. त्या ऊतकाला ही दोन्ही औषधे देऊन पाहण्यात आली व त्याचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. ट्रोव्हाफ्लॉक्सासिनमुळे ऊतकाला इजा झाली आणि तीही रुग्णाच्या रक्तात आढळेल इतक्या अल्प प्रमाणात. लिव्होफ्लॉक्सासिनमुळे तशी इजा झाली नाही. दोन भावांपैकी घातक कोण, हे त्या कणभर तुकड्याने ओळखले. हीच परीक्षा १९९७ पूर्वी घेता आली असती, तर अनेक रुग्णांवरील संकट टळले असते.

आपल्या देशातील प्रयत्न

आपला देश या विद्येत मागे नाही. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांनी २०११ साली स्थापन केलेल्या पँडोरम या कंपनीने, मानवी यकृताप्रमाणे काम करणारे ऊतक मुद्रणाने तयार केल्याचे २०१५ च्या अखेरीस जाहीर केले. औषधांची परीक्षा अधिक स्वस्त व विश्वसनीय व्हावी, हा त्यामागील एक हेतू होता.

अशा संशोधनाला पाया लागतो तो पेशींच्या शास्त्रशुद्ध जतनाचा. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र हे काम करते. तेथील पेशी-संग्रहातून देशभरातील संशोधकांना पेशींचा पुरवठा होतो. ज्या ग्वाल्हेर शहरात भाच्याचा प्रश्न उपजला, तेथेही संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील एक मोठी संशोधन संस्था आहे. १९४७ साली जिवाजीराव शिंदे यांच्या साहाय्याने सुरू झालेल्या औद्योगिक संशोधन प्रयोगशाळेतून ती उभी राहिली आणि १९७३ साली तिला संरक्षण संशोधन व विकास आस्थापना हे नाव मिळाले. विषारी द्रव्यांचा शरीरावर होणारा परिणाम हा तेथील अभ्यासाचा एक प्रमुख विषय आहे. एखाद्या देशात औषधे सुरक्षित राहावयाची, तर विषांचा अभ्यास करणारी माणसेही त्या देशात असावी लागतात.

कायद्यानेही या नव्या वाटेला मान्यता दिली आहे. नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या यांसंबंधीच्या २०१९ च्या नियमांत केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती केली. त्यामुळे मानवी पेशींवर आधारलेल्या, प्राण्यांचा वापर न करणाऱ्या पद्धतींनाही औषधाच्या प्राथमिक परीक्षेत स्थान मिळाले. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये अशाच स्वरूपाचा कायदा करून प्राण्यांवरील चाचण्यांची १९३८ पासूनची सक्ती दूर केली होती.

मर्यादा

नव्या साधनाचे कौतुक करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मुद्रित ऊतकाला आतडे नाही, मूत्रपिंड नाही, हृदय नाही. रोगप्रतिकाराची संपूर्ण यंत्रणा त्याच्यात नसते. दहा हजारांत एखाद्याच माणसाला होणारी विलक्षण बाधा त्यात दिसेलच असे नाही. ज्या दात्याच्या पेशी, त्याच्या प्रकृतीचेच उत्तर ते देणार. म्हणून अनेक दात्यांच्या पेशी वापराव्या लागतात. खर्चही बराच येतो. यास्तव प्राण्यांवरील चाचण्या आज संपूर्णपणे बंद झालेल्या नाहीत आणि माणसांवरील क्रमवार चाचण्यांना तर पर्यायच नाही. पहिला घोट ऊतकाने घेतला, तरी दुसरा घोट माणसालाच घ्यावा लागतो. मात्र तो डोळे उघडे ठेवून घेता येतो.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची आहे. हे साधन नव्या औषधाचा मूळ स्वभाव तपासते. बाजारात आलेल्या प्रत्येक बाटलीत काय भरले आहे, हे ते सांगत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळयुक्त ग्लिसरीन दिले गेल्यामुळे १४ रुग्ण मृत्यू पावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. त्यानंतर जवळजवळ ४० वर्षांनी, २०२५ साली, आपल्या विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील त्याच विषाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारांसाठी नागपुरास आणण्यात आले होते. येथे मूत्रपिंडे निकामी झाली होती. या विषाचा घातकपणा नव्याने शोधावयाचा नव्हता, तो १९३७ पासून जगाला ठाऊक आहे. कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाची नेहमीची रासायनिक तपासणी वेळेवर झाली असती, तर ते पिंप कारखान्याच्या दारातच अडले असते.

याचा अर्थ असा, की अत्याधुनिक मुद्रक आणि तालुक्याच्या दुकानातून नमुना उचलणारा औषध निरीक्षक हे एकाच साखळीचे दोन दुवे आहेत. पहिला दुवा कितीही बळकट केला, तरी दुसरा तुटल्यास साखळी निरुपयोगी होते.

नागरिकांनी काय करावे?

मुद्रित ऊतक प्रयोगशाळेत आहे, पण यकृत प्रत्येकाजवळ आहे. म्हणून काही गोष्टी घरोघरी माहीत असाव्यात.

क्षयरोगाच्या गोळ्या चालू असताना भूक मरणे, सतत मळमळ, लघवीचा रंग गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. भारतात औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेचे प्रमुख कारण ही औषधेच आहेत. तरीही भीतीपोटी गोळ्या आपल्या मनाने कायमच्या सोडणे अतिशय घातक आहे, कारण क्षयरोग उलटतो व पुढे औषधांना दाद देईनासा होतो. गोळ्या कोणत्या थांबवावयाच्या व कशा पुन्हा सुरू करावयाच्या, हे डॉक्टरच ठरवू शकतात. अण्णा बचावले ते या शिस्तीमुळे. उपचारांच्या काळात मद्य पूर्णपणे वर्ज्य करावे.

तापाच्या गोळीची नावे अनेक असतात, आतील द्रव्य मात्र बहुधा पॅरासिटामॉलच असते. सर्दीच्या एका गोळीत ते असते, अंगदुखीच्या दुसऱ्या गोळीतही असते. दोन्ही घेतल्यास मात्रा नकळत दुप्पट होते. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावून घ्यावी.

वनस्पतीचे औषध म्हणजे निर्धोक, ही समजूतही तपासून घेण्याजोगी आहे. करोनाच्या साथीत २०२० साली गुळवेलीचे सेवन केलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे तपासले गेले नाही, असे म्हटले. अशा वादात कोणत्या बाजूने बोलावे, हे सामान्य माणसाने ठरवू नये. नीट ओळख पटविलेल्या वनस्पतीचा अर्क मानवी यकृत-ऊतकावर तपासता येणे, हा अशा वादांवरील एक शास्त्रीय तोडगा होऊ शकेल. तोपर्यंत कोणताही काढा दीर्घकाळ घेताना वैद्याला वा डॉक्टरला विचारावे आणि घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये.

औषधाने बाधा झाली असे वाटल्यास ती कळविण्याची सोय आहे. २०१० पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर रुग्ण किंवा त्याचे नातलगही माहिती देऊ शकतात. आयसोनियाझिडचा धोका कळावयास जी वर्षे लागली, ती अशा नोंदींनीच कमी होणार आहेत. एका खेड्यातून गेलेली एक नोंद दुसऱ्या खेड्यातील रुग्णाचा जीव वाचवू शकते.

शिक्षकांसाठी

हा पाठ इयत्ता सातवीपासून पुढील वर्गांना सांगता येईल. सोऱ्यात मळलेली कणीक भरून फळीवर एकावर एक थर रचून दाखविल्यास मुद्रणाची कल्पना मुलांना लगेच येते. त्यानंतर पुढील प्रश्न विचारावेत.

१. गाईला मानवणारे औषध गिधाडाला विष का ठरले?
२. सपाट बशीतील पेशी आणि थरांत रचलेल्या पेशी यांत कोणता फरक पडतो?
३. मुद्रित यकृत-ऊतक वापरूनही औषधातील भेसळ का कळणार नाही? ती कोणी व कशी शोधावी?
४. तुमच्या घरातील दोन औषधांची वेष्टने वाचा. दोन्हींत एकच द्रव्य आहे काय?

लेखाच्या आरंभीच्या प्रश्नाकडे वळून हा लेख संपवू. ग्वाल्हेरहून परतल्यावर काही दिवसांनी भाच्याला पत्र लिहून वरील हकीकत कळविली. त्याचे उत्तर आले, ते दोनच ओळींचे. आजोबा आता रोज सायंकाळी फूलबागेत फेरी मारतात, हे त्याने प्रथम लिहिले होते. दुसऱ्या ओळीत विचारले होते, “मामा, त्या छापलेल्या यकृतासाठी ज्यांनी आपल्या पेशी दिल्या, त्यांची नावे कोठे लिहून ठेवतात?”

ती नावे गुप्त ठेवावयाची असतात, असा नियम आहे. परंतु पहिला घोट आपल्या वतीने घेणाऱ्या त्या अनाम दात्यांची आठवण, औषधाची पुढली गोळी घेताना आपण सर्वांनी ठेवावयास हरकत नाही.